मामाच्या आधीचा घास

माझ्या मुलीनं पहिला घास कोणाच्या हातचा खाल्ला, हे आमच्या घरात फक्त दोघींना ठाऊक आहे, आणि त्या दोघींचं अजून एकमत झालेलं नाही. गावाला विचाराल तर गाव सांगेल, मामाच्या हातचा. जून महिन्यात, चांदीच्या वाटीतून, सगळ्या गल्लीसमोर. गाव काही खोटं बोलत नाही. गावानं पाहिलं ते तेवढंच.

मी इथली नाही. माझं माहेर रायगडात, खाडीच्या तोंडाशी. तिथं दारोदार मासळी वाळत असते आणि भात पोटात गेला नाही तर जेवण झालं असं कोणी म्हणत नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि मी आईबरोबर कोळंबी सोलायला बसू लागले. पुढं बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात वाशिमकडची काही मुलं कामाला आली, त्यातल्या एकाशी माझं लग्न झालं. दोन वर्षांनी त्याला घरच्या शेतीवर परतावं लागलं, आणि मीही त्याच्यामागं केनवडला आले. एक रात्र आणि अर्धा दिवस गाडीत बसून. उतरले तेव्हा चारी बाजूंना काळी जमीन, आणि बघावं तिकडं पाण्याची रेघ नाही. सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलल्या त्यातलं मला अर्धंच कळलं. पहिलं वर्षभर मी त्यांच्या बोलण्यातलं ‘मले’ आणि ‘काहून’ ऐकून पदरात तोंड लपवून हसायची. आता फोनवर माझ्या तोंडून ‘मले’ निघतं आणि तिकडं माझी आई हसते.

मुलगी श्रावणात झाली, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. घरी सोडायच्या दिवशी नर्सबाईंनी माझ्यासमोर एका हाताची पाच आणि दुसऱ्या हाताचं एक अशी सहा बोटं धरली. म्हणाल्या, “सहा महिने फक्त अंगावरचं दूध. वरचं पाणीसुद्धा नाही, मध नाही, गुटी नाही. आणि सहा महिने भरले की दूध चालू ठेवून वरचं मऊ अन्न सुरू. आधी नको, आणि उशीरही नको.”

मी सातवी झालेली बाई. मला कोणी काही नीट समजावून सांगितलं की मी ते घट्ट धरून ठेवते, कारण धरायला माझ्याकडं दुसरं काही नसतं. आई तिकडं पाचशे-सहाशे कोस असल्यासारखी. विचारायचं कोणाला? दूध पुरतंय का, या काळजीनं माझा जीव अर्धा झाला होता. दिवसाला सहा लंगोट ओले झाले म्हणजे दूध पुरतंय, असंही त्याच नर्सबाईंनी सांगितलं होतं. म्हणून मी परसातल्या भिंतीवर कोळशानं रेघा मारायची. सासूबाईंनी एक दिवस ते पाहिलं.

“हे भितीवर काय मांडून राह्यली वं?”

“लंगोट, आई.”

“लंगोटं?” त्या भिंतीजवळ जाऊन वाकून बघू लागल्या. “लंगोटं कोनी मोजते का बापा! पोट्टी मुतली का नाई ते वास घेतला तरी समजते.”

पण त्यांनी रेघा पुसल्या नाहीत. पुढं कधी मी विसरले तर आतून आवाज यायचा, “पाच झाले वं, एक मांड!”

चौथा महिना लागला तेव्हा तुरीची सोंगणी चालू होती. शेजारची काकू दुपारी आमच्या ओट्यावर चहा प्यायला बसायची. बाळ माझ्या मांडीवर असे आणि काकूच्या कपाकडं टक लावून बघे. कप वर गेला की नजर वर, खाली आला की खाली.

“पाय बरं, कशी पाहून राह्यली,” काकू म्हणाली. “घास मांगते ते लेकरू. बिस्कुट भिजवून दे तिच्या तोंडात. आमी काय सहा मइने थांबलो होतो का?”

मी काही बोलायच्या आत घरातून सासूबाईंचा आवाज आला. “बिस्कुट तुयं तूच खाय. मामा आल्याबिगर माह्या नातीच्या तोंडाले काईच लागनार नाई.”

मला इतका आनंद झाला की मी काकूला अजून एक कप चहा दिला.

उष्टावण आमच्याकडंही असतं. बाळाला पहिला घास मामानं भरवायचा. पण आमच्याकडं मामा शेजारच्याच आळीत राहतो, त्यामुळं त्याची वाट बघावी लागत नाही. सासूबाईंच्या घरात या गोष्टीला फार मान होता. माझ्या नवऱ्याच्या उष्टावणाला त्यांचा भाऊ किन्हीराजा गावाहून पायी आला होता, कमरेच्या धोतराला चांदीची लहान वाटी बांधून. तो भाऊ आता नाही. वाटी पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली. ती गोष्ट त्या सांगायला लागल्या की प्रत्येक वेळी किन्हीराजापासूनची वाट थोडी लांब होई.

तर तेव्हा मला वाटलं, नर्सबाईंची सहा बोटं आणि सासूबाईंचा मामा एकाच बाजूला आहेत. कोणी मध घेऊन आलं, कोणी भाताचं पाणी, की सासूबाईंचं ठरलेलं उत्तर: मामा येऊ द्या. मला तोंड उघडावं लागत नव्हतं. सहा महिने मी निर्धास्त पाजलं.

फेब्रुवारीत सहा महिने भरले. बाळ टेकू दिला की बसायला लागलं होतं, मान ताठ. आधी ओठाला बोट लागलं तरी जिभेनं बाहेर ढकलायची, आता माझ्या हातातली भाकर ओढून तोंडाकडं न्यायची. अंगणवाडीताई आमच्या दारात आल्या. बाळाचं वजन साडेसहा किलो. त्यांनी माझ्या कार्डावर ठिपका दिला आणि म्हणाल्या, “आता सुरू कर. घोटलेलं, मऊ, दोन चमच्यांपासून. एक गोष्ट दोन-तीन दिवस देऊन बघ, मग दुसरी. आणि दूध तोडू नको, दूध दोन वर्षं.”

मी घरात जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी लगेच पेटी उघडली, वाटी काढली, चिंच लावून घासली, उन्हात ठेवली. मग म्हणाल्या, “लाव भावाले फोन.”

माझा भाऊ मोठ्या बोटीवर खलाशी आहे. बोटी ऑगस्टात पाण्यात जातात आणि मे संपेपर्यंत खलाशाला घर दिसलं तर दिसलं. फोन लागला तेव्हा मागं इंजिनाचा आवाज होता. “शिमग्याला येतो बाय! शिमग्याला बोटी किनाऱ्याला असतात,” तो ओरडून म्हणाला. सासूबाईंना सांगितल्यावर त्यांनी संध्याकाळपर्यंत गल्लीतली सगळी घरं करून टाकली. शिमग्याले मामा येनार हाय, कोकनातून, गाडीनं. खिरीला शेवया कोणत्या, हेही ठरलं.

शिमगा आला. मामा आला नाही. बोटीवरचे दोन खलाशी तापानं पडले होते, आणि तांडेलानं, म्हणजे बोटीच्या मुख्य माणसानं, उरलेल्यांना सोडायला नकार दिला. “बाय, मी उतरलो तर जाळं ओढायला माणूस नाय. बोटी बंद झाल्या का पैला तुझ्या दारात,” भाऊ म्हणाला. 

बोटी बंद होणार एक जूनला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. जूनमध्ये बाळ दहा महिन्यांचं.

त्या संध्याकाळी मी धीर केला. “आई, आपण आपलं खायला सुरू करू. उष्टावण मामा आला की करू.”

“मंग त्याले उष्टावन कोन म्हनन? खाऊन-पिऊन बसलेल्या लेकराचं उष्टावन करतेत का?”

“ताई म्हणतात उशीर नको.”

“ताईचं काय जाते? गल्लीतल्या बायका आधीच म्हनतेत, सूनबाईले मागं-पुढं कोनी नाई, कुठून आनली ते आनली. मामा आल्याबिगर उष्टावन झालं तं त्यायचं तोंड मी कसं धरू?”

मला राग आला होता, म्हणून त्या वाक्यातलं मला जे ऐकू यायला हवं होतं ते आलं नाही. त्या माझ्या माहेराची इज्जत राखून राह्यल्या होत्या. ते मला दोन महिन्यांनी कळलं.

मार्चच्या वजनाला काटा पुन्हा साडेसहावर. ताई म्हणाल्या, “काय चारतेस?” मी खाली बघितलं. एप्रिलच्या वजनाला झोळी लटकवली, काटा हलला, थांबला, आणि साडेसहाला शंभर ग्रॅम कमी निघाले. ताईंनी कार्डावरच्या आलेखात ठिपका दिला. मला आलेख वाचता येत नव्हता, पण हिरवा रंग आणि पिवळा रंग कोणाला कळत नाही? इतके महिने चढत आलेली रेघ आडवी झाली होती आणि आता नाक खाली करून पिवळ्याला टेकायला निघाली होती.

“माझं दूध कमी पडलं का, ताई?”

“तुझं दूध चांगलंच आहे. पण सहा महिन्यांनंतर लेकराची भूक नुसत्या दुधात मावत नाही. ती मोठी झाली, बाई. तिला जेवायचं आहे.”

अंगणवाडीपासून घरापर्यंत मी रडत आले. दारात सासूबाईंनी विचारलं, काय झालं. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही. त्या बराच वेळ त्या पिवळ्या पट्ट्यावर अंगठा ठेवून उभ्या राहिल्या. मी बाळाला त्यांच्याजवळ ठेवून न्हाणीत गेले आणि तोंडावर पाणी मारत बसले. बाहेर आले तेव्हा बाळ शांत होतं.

संध्याकाळी त्या रोजच्यासारख्या हरिपाठाला देवळात गेल्या. नवरा वावरातून यायचा होता. मी चूल पेटवली. मागच्या खेपेला माहेराहून निघताना आईनं बांधून दिलेला तांदूळ अजून थोडा होता. मूठभर घेतला, भरपूर पाण्यात शिजवला, पळीनं घोटून घोटून पातळ पेज केली. आम्ही तापातून उठलो की आई अशीच पेज करायची. थेंबभर तूप घातलं. मीठ घातलं नाही. भावाचा मान मी चोरत होते आणि सासूबाईंचा शब्द मोडत होते, दोन्ही एका चमच्यात.

पहिल्या चमच्याला बाळानं तोंड वेडंवाकडं केलं. अर्धं बाहेर आलं. मग तिनं जीभ फिरवली, थोडा विचार केला, आणि तोंड उघडलं. मी रडत रडत हसले. चार चमचे. मग भांडं घासून पालथं घातलं, चुलीवर दूध ठेवलं म्हणजे भाताचा वास मोडेल, आणि पदर खोचून भाकरी थापायला बसले. सासूबाई आल्या. चुलीकडं बघितलं आणि बाळाला घेऊन ओट्यावर गेल्या.

मग हे रोजचं झालं. हरिपाठाचे टाळ वाजले की माझी पेज चुलीवर. कधी त्यात लाल भोपळा घोटून, कधी बटाटा.

त्या दिवसांत हळदीचं काम जोरात होतं. वाफ्यातून काढलेली हळद शिजवायची, वाळवायची. जवळच्याच वावरात बायकांबरोबर मी जात होते. सकाळी बाळाला पाजून सासूबाईंकडं द्यायची, दुपारी एकदा पळत येऊन पाजायची, तिसऱ्या प्रहरी घरी. हात कोपरापर्यंत पिवळे. कितीही घासले तरी नखं पिवळीच. बाळाच्या झबल्याच्या गळ्यावर पिवळे डाग दिसायला लागले. मी मनात म्हणायची, बघ, तुझ्याच हातांनी लेकराचे कपडे खराब केलेस, आणि दगडावर घासत बसायची.

दोन आठवडे बाळानं पेज मिटक्या मारत खाल्ली. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. ओठ गच्च. मी टाळ्या वाजवल्या, चमच्याचं विमान केलं, गाणं म्हटलं. ती माझ्याकडं अशी बघायची, जशी काही मीच वेडी आहे. ताप नाही, हगवण नाही, खेळते, हसते, पण खात नाही.

माझ्या मनात एकच आलं. मामाच्या आधी चोरून घास भरवला, तो तिला लागला नाही. सातवीपर्यंत विज्ञान शिकले होते, तरीही आलं. मी भिंतीवर आता लंगोटाऐवजी चमच्यांच्या रेघा मारायला लागले, आणि रोज त्या कमी होत होत्या.

मे महिन्याच्या वजनाला मी जीव मुठीत धरून गेले. झोळीत बाळ ठेवलं आणि मी डोळे मिटून घेतले. ताई म्हणाल्या, “उघड डोळे.”

सात किलो.

“काटा बिघडला असेल,” मी म्हणाले.

ताईंनी पुन्हा केलं. सात किलो. त्यांनी मोठ्यानं विचारलं, “काय चारतेस गं तू?”

मी हळू आवाजात सगळं सांगितलं. संध्याकाळची पेज, आता दोनच चमचे खाते, मला फार भीती वाटते.

“दोन चमच्यांत महिन्याला सहाशे ग्रॅम?” ताई हसल्या. “बाई, लेकरू आधीच जेवून बसलेलं असलं तर तुझी पेज कशाला खाईल? कोणीतरी चारून राह्यलं तिला.”

“कोणी नाही, ताई. घरात फक्त आई असतात, आणि त्या तर...”

ताईंनी बाळाची हनुवटी वर केली. मानेच्या वळीत काहीतरी चिकटलेलं होतं. त्यांनी ते बोटावर घेऊन माझ्यासमोर धरलं. तुरीच्या डाळीचं साल. त्याला लागलेला जवारीच्या भाकरीचा वाळका कण.

“पेजेत भाकर घालतेस का?”

मी झबल्याच्या गळ्याकडं बघितलं. ते पिवळे डाग. इतके दिवस मी हळद म्हणून घासत होते ते वरण होतं.

दुसऱ्या दिवशी मी हळदीवरून अकरालाच परत आले. पुढच्या दारानं न जाता परसाकडून गेले. सासूबाई शेवग्याच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या. नडग्यांवर बाळ, शेजारी पितळी वाटी. वरणात कुस्करलेली भाकर अंगठ्यानं दाबून दाबून त्या लोण्यासारखी करत होत्या आणि भरवत होत्या. बाळाचं तोंड घासाच्या आधी उघडत होतं.

“खाय माय,” त्या तिला सांगत होत्या. “पन आयक. मामा आला का असं तोंड वासायचं नाई. थोडं रडजो. पयला घास थुकजो. समजलं का? नाईतं सगळ्या गल्लीसमोर माही इज्जत जाईन.”

मला हसू आवरेना. त्यांनी वळून बघितलं आणि वाटी चटकन पदराखाली घेतली.

“कायले आली इतक्या लवकर?”

“आई, पदराखाली काय आहे?”

“काई नाई.”

बाळानं पदर ओढला. ओढून आत हात घातला आणि पिवळी मूठ बाहेर काढून तोंडात कोंबली. सासूबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग एकदम माझ्यावर उलटल्या.

“माह्याकडं काय पायतं? तू सांजच्याले चुलीवर काय शिजवतं ते मले समजत नाई का? भाताचा वास दुधानं जाते का वं?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हरिपाठ अर्ध्या घंट्यात सरते. मी मंग पारावर बसून राह्यते, तुयं भांडं घासून होईपावतर. डासं फोडून खातेत मले तिथं!”

“मग मला सांगायचं ना, आई!”

“तू सांगतलं का मले?”

मी तिथंच मातीत बसले. त्या बाळाचं तोंड पदरानं पुसत खाली बघून म्हणाल्या, “तू त्या दिवशी ते कारट घेऊन रडत आली. मी सगळ्या गावाले सांगून बसलेली, आता माघार कशी घेऊ? पन लेकराच्या पोटाले गावाचं काय? तू न्हानीत गेली, मी सकायचं वरन गरम केलं आन बोटानं तिच्या तोंडाले लावलं. चाटलं तिनं. चांगलं तीनदा चाटलं.”

“त्या दिवशी? दुपारी?”

“हाव.”

“मी त्याच संध्याकाळी पेज दिली.”

“मंग पयला घास माहा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी या घरात आल्यापासून कधी बघितलं नव्हतं.

“चाटण्याला घास म्हणत नाहीत, आई. घास चमच्याचा.”

तो वाद तेव्हा सुरू झाला तो अजून चालू आहे.

त्या दिवसापासून आमच्या घरात दार लावून राजरोस जेवणं सुरू झाली. सकाळी कुस्करलेलं केळं, दुपारी त्यांची भाकर-वरण, संध्याकाळी माझी पेज, आणि मधल्या वेळी माझं दूध. आता पेजही पुरी खायची, कारण दुपारचं माप आम्ही दोघींनी ठरवून घेतलं. सासूबाईंनी एकच अट घातली. “पेज चार, भोपळा चार. पन सुकट नको हं बापा माह्या चुलीवर.” नवरा जेवता जेवता विचारायचा, “तुमी दोघी काय हसून राह्यल्या?” सासूबाई म्हणायच्या, “तू जेव.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाऊ आला. उन्हानं काळा, खांद्यावर पोतं. पोत्यात नारळ, तांदूळ आणि सुकट. सुकटीची पिशवी सासूबाईंनी दोन बोटांनी धरून गोठ्याच्या वळचणीला टांगली, आणि त्याच हातांनी नाही, हात धुऊन, त्याला ओवाळलं. “लय वाट पाहायले लावली बापा,” म्हणाल्या, आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात, “कोकनातून आला माह्या सुनेचा भाऊ! एक दिवस-रात्र गाडीत बसून!”

ओटा बायकांनी भरला. काकू पुढं बसली होती. भावानं मांडी घातली, बाळाला मांडीवर घेतलं. सासूबाईंनी चांदीच्या वाटीत शेवयांची खीर आणून त्याच्यासमोर ठेवली. क्षणभर वाटीकडं बघितलं. मला वाटलं त्या किन्हीराजाच्या वाटेवर आहेत. भावानं तर्जनी खिरीत बुडवली, आणि ती तोंडाजवळ न्यायच्या आत बाळ पुढं झेपावलं, त्याचं बोट दोन्ही हातांनी धरून तोंडात ओढलं आणि नव्या फुटलेल्या दोन दातांनी चावलं.

“आई गं! बाय, ही चावते!”

त्यानं बोट सोडवून घेतलं तर तिनं वाटी धरली. वाटी तोंडाला लावली. नाकाला, कपाळाला, मामाच्या सदऱ्याला खीर. ओट्यावर हसण्याचा लोट उठला. पण काकू हसली नाही, ती निरखून बघत होती.

“पयल्याच घासाले असं खाते काय वं कोनी?”

मी घाईघाईनं बाळाचं कपाळ पुसायला लागले. सासूबाईंची पापणीही हलली नाही. “मामाच्या हाताले गुन हाय,” त्या म्हणाल्या. मग पदर सावरायचं निमित्त करून माझ्या कानाशी वाकल्या. “सांगतलं होतं तिले, थुक म्हनून. आयकतच नाई.”

भाऊ चार दिवस राहिला. जायच्या आधी अंगणवाडीत वजनाचा दिवस आला, तर तोही आला, सासूबाईही आल्या. सगळा जन्म तराजूवर मासळी बघितलेला माणूस तो. काट्याजवळ गुडघ्यावर बसला आणि बोट न लावता आकडा वाचला. साडेसात. ताईंनी ठिपका दिला, मागच्या ठिपक्याला जोडला, आणि रेघ हिरव्यात चढली. मी कार्ड मागून घेतलं आणि पहिल्यांदा कोणी न सांगता ती रेघ वाचली. कुठं चढली, कुठं आडवी पडली, कुठं वाकली, कुठून उठली. सगळं मला येत होतं. ताईंचे आभार मानायला तोंड उघडलं, तर त्या पुढच्या बाळाला झोळीत ठेवायला लागल्या होत्या.

ते पुढचं बाळ काकूच्या सुनेचं होतं. ती नवीन आई, माझ्यापेक्षाही भित्री. वजन झाल्यावर ती सासूबाईंजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “आमचा मामा सुरतले कामाले असते. दिवाईले येनार हाय म्हनतेत. तवापावतर...” ती थांबून दाराकडं बघू लागली. दारात काकू दुसऱ्या बायकांशी बोलत उभी होती.

सासूबाईंनी काकूकडं एकदा बघितलं. मग आवाज खाली आणला.

“सहा मइने कवा भरतेत?”

“पंधरा दिवसानं.”

“मंग पंधरा दिवसानं दुपारी अकरा वाजता माह्याकडं घेऊन येजो,” त्या म्हणाल्या. “परसाच्या दारानं.”